जुनी लिव्हर ॲक्शन रायफल विकत घेताना: परवाना, काडतूस, कागदपत्रे आणि फेरफाराचा कायदा

लिव्हर ॲक्शन रायफलीत चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की झडलेले काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा चढतो. तीच कडी वर दाबली की मॅगझिनमधले, म्हणजे काडतुसे साठवायच्या कप्प्यातले, पुढचे काडतूस नळीत जाऊन बसते. विंचेस्टर, मार्लिन आणि सॅव्हेज या अमेरिकी कंपन्यांनी ही रचना जगभर पोहोचवली. भारतातल्या सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी .३१५ आणि .३०-०६ या बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या मापाच्या, बोल्ट ॲक्शन (हाताने मागेपुढे करायच्या खिट्टीच्या) रायफली बनवल्या, पण लिव्हर ॲक्शन बनवली नाही. आणि साध्या परवानाधारकाला परदेशातून बंदूक मागवण्याची वाट १९८० च्या दशकात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे आज कोल्हापुरात कोणी विंचेस्टर किंवा मार्लिन विकायला काढली, तर ती कोणाच्या तरी घरात पिढीभर वापरलेली किंवा नुसतीच पडून राहिलेली रायफल असते. अशा खरेदीत लोखंड पाहण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी, असे माझे मत आहे. परवाना, बोअर आणि मालकीची साखळी या तीन गोष्टी आधी जुळल्या पाहिजेत, आणि त्यातली एक जरी जुळली नाही तरी रायफल कितीही देखणी असो, ती सोडून द्यावी.

आधी हे हत्यार आपल्याला कशासाठी हवे आहे, याचा विचार करावा. कोल्हापुरात रायफल म्हटले की आज नेमबाजी आठवते. २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) प्रकारात जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ही नावे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. मात्र ऑलिंपिकच्या पद्धतीच्या स्पर्धांमध्ये लिव्हर ॲक्शनला स्थान नाही. शिकारीचा प्रश्न तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कधीच मिटवला आहे. ज्या दाजीपूरच्या रानात संस्थानकाळात शिकार चाले, ते आज राधानगरी अभयारण्य आहे. पिकात गवे आणि रानडुकरे शिरतात म्हणून बंदूक हवी असेल, तर बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी स्वस्त पडते, तिची काडतुसे मिळतात आणि तिचा कारागीरही मिळतो. म्हणजे स्वसंरक्षण, घराण्यातले हत्यार घरात ठेवणे किंवा जुन्या यंत्ररचनेची आवड, एवढीच कारणे उरतात. त्यातले खरे कारण अर्जात नीट मांडता आले पाहिजे, कारण परवाना देणारा अधिकारी गरज विचारतो. हौस हे कारण त्याला पुरत नाही.

परवाना आणि बोअरची नोंद

कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नसल्यामुळे शस्त्र परवान्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्जासोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे आणि वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. अर्जदाराने वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली असावी लागतात. परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट ओळख क्रमांक, ज्याला सगळे यूआयएन म्हणतात, तो असलाच पाहिजे. विक्रेत्याच्या जुन्या, कापडी बांधणीच्या परवाना पुस्तकात तो क्रमांक नसेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

२०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दोन बदल झाले आणि ते प्रत्येक खरेदीदाराला लागू पडतात. एका व्यक्तीजवळ पूर्वी तीन बंदुका चालत, आता दोनच चालतात, आणि वारशाने आलेले हत्यारही या दोनांतच मोजले जाते. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. घरात आजोबांची दुनळी आणि स्वतःचे रिव्हॉल्व्हर दोन्ही आपल्याच परवान्यावर असतील, तर तिसऱ्या हत्यारासाठी जागा उरत नाही. त्यातले एक आधी विकावे किंवा कायद्याने वर्ग करावे लागते.

परवान्यावर शस्त्राचा प्रकार लिहिलेला असतो आणि तो अक्षरशः पाळावा लागतो. बारा बोअरची परवानगी असताना रायफल घेता येत नाही. त्यासाठी आधी अर्ज करून परवान्यात बदल करून घ्यावा लागतो. खरेदी किती दिवसांत व्हायला हवी, तेही परवान्यावर लिहिलेले असते. ती मुदत संपत आली म्हणून घाईघाईने मिळेल ती रायफल उचलणारे लोक असतात; त्यापेक्षा मुदतवाढीचा अर्ज करणे कितीतरी शहाणपणाचे आहे.

राधानगरी, भुदरगड किंवा गगनबावडा भागातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट तपासावी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन विभागाकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. शहरात फ्लॅट आणि गावाकडे शेतघर असलेल्या माणसाने परवान्यावर कोणता पत्ता द्यायचा आणि हत्यार प्रत्यक्षात कुठे ठेवायचे, हे या कलमाच्या प्रकाशात आधी ठरवावे.

काडतूस मिळत नसेल तर रायफल म्हणजे काठी

लिव्हर ॲक्शन घेताना सर्वांत जास्त फसगत काडतुसात होते, आणि म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. विंचेस्टरचे १८९२ चे मॉडेल .४४-४०, .३८-४०, .३२-२० आणि .२५-२० या काडतुसांसाठी बनले. १८९४ चे मॉडेल, म्हणजे ज्याला सगळे ‘नाइन्टी फोर’ म्हणतात, ते मुख्यतः .३०-३० चे, पण त्यात .३२-४०, .३८-५५ आणि .३२ विंचेस्टर स्पेशल अशा रायफली निघाल्या. पुण्याजवळ खडकीच्या सरकारी कारखान्यात, जो २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग आहे, बारा बोअर आणि .३१५ यांसारखी देशात चालणारी काडतुसे बनतात. .४४-४० किंवा .३०-३० विक्रेत्याच्या फळीवर नेहमी मिळेल, अशा भरवशावर राहता येत नाही. एखाद्याकडे जुन्या आयातीतली शिल्लक असते, ती दर काडतुसाला वेगळा भाव सांगून विकली जाते, आणि कधी कधी त्या काडतुसांचे पितळ इतके काळवंडलेले असते की ती नळीत घालण्याचीही इच्छा होऊ नये. म्हणून रायफलीचा भाव ठरवण्याआधी काडतुसांचा पुरवठा कुठून होणार, हे किमान दोन परवानाधारक विक्रेत्यांकडे विचारून घ्यावे.

आता परवान्यावरच्या आकड्याविषयी. आपल्याकडे .३२ म्हटले की रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल डोळ्यांसमोर येते. पण .३२-२०, .३२-४० आणि .३२ विंचेस्टर स्पेशल ही तीन रायफलीची काडतुसे एकमेकांत चालत नाहीत, आणि रिव्हॉल्व्हरच्या .३२ शी तर त्यांचा काही संबंधच नाही. विक्रेत्याच्या परवान्यावर नुसते ‘.३२ रायफल’ असे लिहिलेले असेल, तर नळीवर कोरलेली पूर्ण ओळ वाचावी आणि आपल्या परवान्यावर तीच ओळ जशीच्या तशी यावी असा आग्रह धरावा. ‘.३०’ या आकड्याचीही तीच गत आहे; .३०-३० आणि .३०-०६ ही दोन संपूर्ण वेगळी काडतुसे आहेत आणि दुसऱ्याचा दाब पहिल्यापेक्षा खूपच जास्त असतो. कारकुनाने एक हायफन आणि दोन आकडे गाळले, तर पुढे काडतूस घेताना विक्रेता अडवतो आणि तपासणीत पोलीस प्रश्न विचारतात. अशी नोंद दुरुस्त करून मिळते, पण त्यासाठी हेलपाटे पडतात.

काही बोअर तर आपल्या वाट्याचेच नाहीत. .३०३ आणि ७.६२ मिमी ही लष्करी काडतुसे झाडणाऱ्या रायफली प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. विंचेस्टरचे १८९५ चे मॉडेल .३०-०६ मध्ये निघाले तसेच .३०३ ब्रिटिशमध्येही निघाले, आणि बाहेरून पाहताना दोन्ही सारखीच दिसतात. ‘ही लिव्हर आहे, बोल्ट नाही, त्यामुळे चालते’ असे कोणी पटवून देऊ लागले, तर त्या वादात आपले पैसे आणि आपला परवाना पणाला लावू नये. .४१० च्या बाबतीतही सावध राहावे, कारण .४१० मस्केटची काडतुसे झाडणारे हत्यार प्रतिबंधित गटात येते.

१८७३ च्या मॉडेलविषयी एक स्वतंत्र इशारा द्यायला हवा. बार उडताना नळीचे मागचे तोंड बंद ठेवणारा त्याचा सांधा जुन्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेला आहे. पूर्वी .४४-४० ची काही जोरदार काडतुसे केवळ १८९२ च्या रायफलीसाठी बनत, पण आकार सारखाच असल्यामुळे ती १८७३ मध्येही बसतात. तीत ती झाडणे म्हणजे स्वतःच्या तोंडासमोर स्फोट करणे आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे नळीखाली मॅगझिन असलेल्या कोणत्याही लिव्हर रायफलीत टोकदार गोळीचे काडतूस घालू नये. मागच्या काडतुसाचे टोक पुढच्याच्या बुडातल्या टोपीवर टेकलेले असते, आणि धक्क्याने ती पेटू शकते. म्हणूनच .३०-३० ची गोळी पुढून चपटी असते.

ज्याला केवळ कडी ओढून रेंजवर नेम मारण्याचा आनंद हवा आहे, त्याने .२२ बोअरची लिव्हर ॲक्शन शोधावी असे मी सुचवेन. मार्लिन ३९ए, विंचेस्टर ९४२२ आणि ब्राउनिंग बीएल-२२ ही त्यातली परिचित नावे आहेत. त्यांची काडतुसे तुलनेने सहज मिळतात आणि .२२ च्या रिमफायर रायफली नियमांतल्या सौम्य गटात येतात. ती मिळाली तर भाग्यच, कारण ज्याच्याकडे असते तो सहसा विकत नाही.

विक्रेत्याचे कागद आणि पंचेचाळीस दिवस

परवानाधारक दुकानदाराकडून घेतल्यास बहुतेक कागद त्याच्याच नोंदवहीतून येतात. तरीही हे हत्यार त्याच्या मालकीचे आहे की त्याच्याकडे केवळ जमा आहे, हे विचारावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिसरे हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची सोय होती. परवानाधारकाच्या मृत्यूनंतरही वारस हत्यार असेच जमा करतात. जमा झालेले हत्यार म्हणजे विकलेले हत्यार नव्हे. मूळ मालकाची किंवा सर्व वारसांची लेखी संमती दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. भाऊबंदकीत अडकलेली रायफल ही भाऊबंदकीत अडकलेल्या जमिनीइतकीच तापदायक असते.

खाजगी व्यक्तीकडून घेताना कलम ५ मधली अट लागू होते. स्वतःच्या वापरासाठी बाळगलेले हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकण्यासाठी मालकाला विक्रेत्याचा परवाना लागत नाही. मात्र त्याने आपला विकण्याचा इरादा, खरेदीदाराचे नाव आणि पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवला पाहिजे, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय हत्यार हस्तांतरित करता येत नाही. या काळात फक्त इसार द्यावा, इसारपावतीवर रायफलीचा क्रमांक, बोअर, कळवल्याची तारीख आणि कार्यालयाच्या पोचपावतीचा उल्लेख करावा, आणि हत्यार मूळ मालकाच्याच ताब्यात राहू द्यावे. ‘घेऊन जा, कागद होत राहतील’ असे म्हणणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी त्या क्षणी आपल्या घरात विनापरवाना शस्त्र येत असते.

कोल्हापूरचा खरेदीदार बऱ्याचदा बेळगाव किंवा गोव्याकडे पाहतो, कारण तिथे नातेवाईक असतात आणि भाव थोडे कमी सांगितले जातात. राज्याची हद्द ओलांडली की दोन्हीकडच्या परवाना प्राधिकाऱ्यांचे कागद लागतात, आणि आपल्या परवान्याची हद्द फक्त महाराष्ट्रापुरती असेल तर ती रायफल गाडीत घालून स्वतः आणण्याचा विचारही करू नये. परदेशातून कायम मुक्कामाला परतलेल्या कोणी सामानासोबत आणलेले हत्यार असेल, तर आयातीच्या वेळी त्याच्या विक्रीवर अट घातली होती का, हे सीमाशुल्काच्या मूळ कागदावरच तपासावे.

हत्यार घराण्यातलेच असेल, तर विकत घेण्याऐवजी वारसाहक्काची वाट अधिक सोपी असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तर हे शक्य आहेच, पण त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा हत्यार २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. आजोबा धडधाकट असताना हे काम उरकून घेतलेले बरे.

प्रत्यक्ष तपासणी

रायफल मालकाच्या किंवा दुकानदाराच्या समोरच पाहावी. हातात आली की नळी सुरक्षित दिशेला ठेवून कडी पूर्ण उघडावी, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, डोळ्याने आणि बोटाने दोन्ही प्रकारे पाहावे, आणि मग कडी अनेकदा चालवावी. नळीखालच्या मॅगझिनची स्प्रिंग जुनी झाली असेल तर एखादे काडतूस आत अडकून राहते आणि पाच वेळा कडी ओढल्यावर सहाव्यांदा वर येते, म्हणून मॅगझिनमधला काडतुसे ढकलणारा तुकडा (फॉलोअर) आतून दिसेपर्यंत समाधान मानू नये.

त्यानंतर क्रमांक. १८९२ आणि १८९४ च्या विंचेस्टरवर तो रिसिव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या यंत्राच्या सांगाड्याच्या, खालच्या बाजूला पुढे कोरलेला असतो, १८७३ वर खालच्या पट्टीवर, दस्त्याच्या मानेपाशी. भिंगातून पाहिले तर मूळ ठसे खोल आणि काठाशी किंचित उठलेले दिसतात. पॉलिश करून पुन्हा ठोकलेल्या आकड्यांच्या भोवतीचे लोखंड मात्र खोलगट झालेले असते आणि आकड्यांची रांग हलते. कलम ८ नुसार बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह खोडणे, बदलणे आणि बनावट घालणे गुन्हा आहेच, शिवाय असे चिन्ह नसलेली बंदूक विकताही येत नाही. अमेरिकेत १९६८ पूर्वी प्रत्येक लांब बंदुकीवर क्रमांक घालण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे काही जुन्या .२२ रायफलींवर तो मुळातच नसतो. असे हत्यार समोर आले तर त्याचा प्रश्न मालकाने परवाना प्राधिकाऱ्यांकडून लेखी सोडवून घ्यावा, मगच बोलणी पुढे न्यावीत. विंचेस्टरच्या नळीवर लंबगोलातली ‘डब्ल्यू पी’ ही प्रूफची (दाबाच्या चाचणीची) खूण १९०५ पासून दिसते; नळीवर ती आहे आणि रिसिव्हरवर नाही, किंवा उलटे, तर नळी कधीतरी बदलली असावी अशी शंका घ्यावी.

घोडा अर्ध्यावर ठेवून चाप नेहमीच्या जोराने दाबला तर तो पडता कामा नये. पडला तर ती रायफल दुरुस्तीशिवाय धोकादायक आहे. कडी बंद केल्यावर मागच्या बाजूला कुलूप घालणारे लोखंडी ठोकळे वर येऊन पूर्ण बसतात की नाही आणि बंद कडी किती डगमगते, हेही पाहावे. नळीत प्रकाश धरून पेचांच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांच्या, कडा पाहाव्यात. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतल्या क्षारामुळे पावसाळी हवेत नळी आतून खाल्ली जाते, आणि पंचगंगेच्या खोऱ्यात पावसाचे चार महिने कपाटात ठेवलेल्या बंदुकीचे काय होते, हे इथल्या जुन्या मालकांना सांगायला नको. नळीत मधेच काळे कडे दिसले आणि बाहेरून बोट फिरवताना तिथेच फुगवटा लागला, तर ती नळी कधीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडल्याने फुगलेली असते. अशी रायफल घेऊ नये. स्क्रूच्या खाचा चिरडलेल्या असतील तर कोणीतरी घरगुती पेचकसाने ती उघडली होती, एवढे निश्चित. हेडस्पेसची, म्हणजे बंद चेंबरमध्ये काडतुसाला मिळणाऱ्या जागेच्या मापाची, तपासणी मात्र गेज असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावी.

फेरफार: काय चालते आणि काय चालत नाही

रायफल नावावर झाली की तिच्यात सुधारणा करण्याचा मोह होतो, आणि परदेशी व्हिडिओ पाहून तो आणखी वाढतो. तिथला कायदा आणि इथला कायदा यांत फार अंतर आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

कलम ६ नुसार बंदुकीची नळी आखूड करणे, खोट्या बंदुकीचे खरीत रूपांतर करणे आणि, २०१९ पासून, शस्त्र नियमांतल्या एका गटातल्या बंदुकीचे दुसऱ्या गटात रूपांतर करणे, या तिन्ही गोष्टींना स्वतंत्र परवाना लागतो. हत्यार बाळगण्याचा आपला साधा परवाना त्यासाठी चालत नाही. याच्या उल्लंघनाला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. नळीचे तोंड खराब झाले म्हणून इंचभर कापून घेणे ही परदेशात साधी दुरुस्ती समजली जाते. इथे मात्र ती नळी आखूड करण्यातच येते. गुळगुळीत नळीची बंदूक २० इंचांच्या खाली गेली तर ती थेट प्रतिबंधित गटात जाते. दस्ता आणि नळी दोन्ही कापून पिस्तुलासारखी केलेली लिव्हर ॲक्शन चित्रपटात शोभून दिसते, पण तिच्यात नळी कापण्याचा आणि गट बदलण्याचा असे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहतात.

आवाज किंवा ज्वाळा कमी करणारे कोणतेही साधन, म्हणजे सायलेन्सर आणि नळीच्या तोंडाला लावायचा फ्लॅश हायडर, कायद्याने स्वतः शस्त्रच मानले जाते आणि ते प्रतिबंधित गटात आहे. ते रायफलीला बसवले नाही, नुसते कपाटात ठेवले, तरी फरक पडत नाही.

कोल्हापूरकरांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सुट्या भागांचा आहे. शिवाजी उद्यमनगरातला कसबी कारागीर कोणत्याही इंजिनाचा भाग हुबेहूब करून देतो, त्यामुळे तुटलेली फायरिंग पिन (टोपीवर ठोका मारणारी सुई) किंवा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारी आकडी) त्याच्याकडून लेथवर करून घ्यावा, असे सहज सुचते. पण कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे भाग हेही शस्त्रच आहेत, आणि कलम ५ मध्ये निर्मितीसोबत दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांनाही परवाना लागतो. परवाना नसलेल्या कारखान्यात तो भाग बनवला तर करणारा आणि करवून घेणारा दोघेही अडचणीत येतात, आणि इथेही शिक्षेची सुरुवात सात वर्षांपासूनच होते. परदेशी संकेतस्थळावरून मोठ्या कडीचा लिव्हर किंवा नवी नळी मागवणे म्हणजे शस्त्राची आयात करणे. पार्सल सीमाशुल्कात अडकल्यावर ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर टिकत नाही. दुरुस्ती परवानाधारक बंदूक कारागिराकडेच करावी. रायफल तिथे दुसऱ्याच्या हाती पाठवायची झाल्यास कायद्याने तशी सोय आहे, पण नेणाऱ्याजवळ परवानाधारकाचे लेखी अधिकारपत्र हवे.

बोअर बदलण्याचा सल्लाही अनेक जण देतात: .४४-४० मिळत नाही, तर नळी बदलून सहज मिळणाऱ्या काडतुसाची करून घ्या. तांत्रिकदृष्ट्या जुन्या सांध्याला नव्या काडतुसाचा दाब झेपेलच असे नाही, आणि कायद्याने हे रूपांतर आहे. परवान्यावरची नोंद, नळीवरचा ठसा आणि प्रत्यक्ष बोअर या तिघांचा मेळ बिघडला की ते हत्यार पुढे विकताही येत नाही.

मग काय करता येते? रबराचा रिकॉइल पॅड, पट्टा अडकवण्याच्या कड्या आणि मूळ भोकांतच बसणारा वेगळा साइट (नेम धरायची माशी), हे बदल कलम ६ च्या कक्षेत येत नाहीत. चिरलेल्या दस्त्याच्या जागी अक्रोडाचा नवा दस्ताही बसवता येतो, मात्र तो परवानाधारक कारागिराकडून आणि पावती घेऊन. जुना दस्ता जपून ठेवावा. दुर्बिणीसाठी रिसिव्हरला भोके पाडू नयेत. जुन्या विंचेस्टर वरच्या बाजूने काडतूस फेकतात, त्यामुळे दुर्बीण बाजूला सरकवून बसवावी लागते आणि ती कधीच सोयीची होत नाही, शिवाय भोक पडलेल्या रायफलीचा भाव कायमचा उतरतो. चाप हलका करून घेऊ नये, कारण त्यासाठी घासायच्या खाचा आणि घोड्याला अर्ध्यावर धरून ठेवणारी खाच शेजारी शेजारी असतात.

नळी आणि रिसिव्हर पुन्हा काळे करून घेणे, म्हणजे ब्ल्यूइंग, कायद्याने अडत नाही. पण त्याआधी पॉलिश करावे लागते, आणि अनाडी हाताने क्रमांक पुसट झाला तर कलम ८ समोर उभे राहते. कामाला देण्यापूर्वी क्रमांकाचे स्पष्ट फोटो काढावेत आणि कारागिराच्या नोंदवहीत क्रमांक लिहून घ्यावा. १९६४ नंतरच्या ‘नाइन्टी फोर’चे रिसिव्हर वेगळ्या धातूप्रक्रियेने बनलेले असल्यामुळे त्यांच्यावर नेहमीचे ब्ल्यूइंग नीट चढत नाही, नळी काळीभोर आणि रिसिव्हर जांभळट अशी रायफल पाहायची नसेल, तर मूळ झिजलेला रंगच राहू द्यावा.

एखादा बदल कोणत्या बाजूला पडतो याची शंका असेल, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात हत्याराचा क्रमांक, हवा असलेला बदल आणि कारागिराच्या परवान्याचा तपशील लिहून अर्ज द्यावा आणि पोचपावती घ्यावी. उत्तर येईपर्यंत हत्याराला हात लावू नये; आलेल्या परवानगीची प्रत परवान्यासोबतच ठेवावी.

रायफल झाडायची नसून केवळ भिंतीवर शोभेला ठेवायची असेल, तर फेब्रुवारी २०२० च्या नियमबदलाचा विचार करता येतो. क्युरिओ, म्हणजे जुन्या संग्राह्य वस्तू, या गटात बसणारे लहान शस्त्र बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. पण ते वापरायला, बाहेर न्यायला किंवा त्याची काडतुसे घ्यायला लागतो. आपली रायफल त्या गटात बसते की नाही, हे विक्रेत्याने ठरवायचे नसते. त्यासाठी परवाना प्राधिकाऱ्यांचे लेखी उत्तर घ्यावे.

घरी आणल्यानंतर

दसऱ्याला शस्त्रपूजन जरूर करावे, पण रायफल रिकामी, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि अंगणात एकही बार न काढता. लग्नात, वरातीत किंवा सणात आनंदाने बार काढण्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, अशी स्वतंत्र तरतूद आहे.

निवडणुका लागल्या की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले जाते. रायफल नेण्यापूर्वी नळीला आतून आणि रिसिव्हरला बाहेरून तेलाचा हात द्यावा, सुती आवरणात गुंडाळून द्यावी, आणि ठाण्याच्या पावतीवर बोअर आणि क्रमांक यांच्यासोबत दस्त्यावरचे ओरखडेही लिहून घ्यावेत. परत घेताना ठाण्यातच कडी उघडून नळी पाहावी आणि पावतीवरचा क्रमांक रिसिव्हरवरच्या क्रमांकाशी आकड्याला आकडा ताडूनच सही करावी.